धायटीचं बी उगवत नाही, काय चुकतंय?

कोरेगावकर: बांधावर धायटी (लाल फुलांचं रानझुडूप) लावायची आहे. बी बोटभर खोल टाकलं, एकही उगवलं नाही. जमीन काळी.

माळरान: खोलीच चुकली. बी तपकिरी भुकटीइतकं बारीक, वर माती चढली की संपलं. एप्रिल-मेमध्ये वाळलेल्या फुलाची नळी उकला, बोंड आतच असतं. सावलीत वाळवून कागदावर चोळा. ट्रेमध्ये दोन भाग चाळलेला मुरूम, एक भाग पानकुजीचं खत. बी वरच भुरभुरा, झाकू नका. झारीनं पाणी घातलंत तर सगळं बी एका कोपऱ्यात गोळा होतं, म्हणून ट्रे परातीत ठेवून खालून ओलवा.

घाटवाट: काळ्या रानात हट्ट नको राव. साताऱ्याजवळच्या यवतेश्वरचा चढ बघा, तिथं धायटी कशी वाढते: मुरमाड उतार, भर ऊन, पाणी थांबतच नाही. लावायचीच तर उंचवट्यावर, दीड फुटी खड्डा निम्मा मुरमानं भरून. आणि फुलं आसव-अरिष्टांसाठी (आंबवून केलेली आयुर्वेदिक औषधं) तोडली जातात. झुडूप पार ओरबाडलं तर बी कुठून येणार?

कोरेगावकर: रोपं बांधावर कधी न्यायची?

माळरान: वीतभर झाल्यावर, पुढच्या जूनमध्ये. पहिली दोन वर्षं शेळ्यांपासून काटेरी कुंपण घाला.