बायरन म्हणे ‘गेम खेळून’ ड्रायव्हर झाला!

शार्लटकर

नॅसकार या अमेरिकी मोटार शर्यतींच्या २०२५ च्या मोसमाची फिनिक्सची अंतिम शर्यत झाल्यावर एकाने लिहिलं, ‘विल्यम बायरन म्हणजे बापाचा पैसा आणि व्हिडिओ गेम, दोन डेटोना ५०० (नॅसकारची सर्वात मोठी शर्यत) निव्वळ नशिबाच्या.’ हे वाचून गप्प बसवेना.

आयरेसिंग या संगणकावरच्या रेसिंग सिम्युलेटरवर त्याने शंभरावर शर्यती जिंकल्या, हे सगळे सांगतात. पण सिम्युलेटरवर नेमकं काय शिकता येतं, ते कुणी सांगत नाही. ट्रॅक लेसरने मोजलेला असतो, त्यामुळे कुठला उंचवटा कुठे आहे, ब्रेक कुठे सोडायचा, गॅस कुठून द्यायचा हे पाठ होतं, आणि भिंतीला लागलं तरी खर्च नाही. एक गोष्ट मात्र शिकता येत नाही. गाडी मागून सुटते तेव्हा ते आधी सीटमधून कमरेला कळतं. पडद्यावर कळतं ते नाक वळल्यावर, तोवर उशीर झालेला असतो.

ती उणीव भरली लेजेंड्स कारने, म्हणजे नवशिक्यांच्या छोट्या शर्यतीच्या गाडीने. व्हीलबेस ७३ इंच, ड्रायव्हरसकट वजन साधारण १३०० पौंड, इंजिन यामाहा मोटारसायकलचं, टायर अरुंद. इतक्या आखूड गाडीचं शेपूट क्षणात फिरतं. पाव मैलाच्या ट्रॅकवर हे रोज सावरावं लागतं. २०१२ साली तो पहिल्यांदा खऱ्या गाडीत बसला. २०१५ ला के अँड एन ईस्ट या खालच्या मालिकेचा विजेता, २०१६ ला नॅसकारच्या ट्रक मालिकेत नवखा असून सात विजय, २०१७ ला तिच्या वरच्या एक्सफिनिटी मालिकेचं विजेतेपद. गेम खेळणाऱ्याला हे जमतं?

मातीवरचा

यादी २०१७ ला बरी थांबवलीत. २०१८ ला कप या सर्वात वरच्या मालिकेत आला, तेव्हा गाडी हेंड्रिक संघाची २४ नंबर, म्हणजे घराण्यातली सर्वात मानाची. विजय शून्य, गुणतक्त्यात २३ वा. पहिला विजय ९८ व्या शर्यतीत, तोही डेटोनाला. हा क्रमांक दुसऱ्या कुणाचा असता तर दोन वर्षांत हातात नारळ दिला असता.

लार्सन आणि बेल हे कपचे ड्रायव्हर मातीच्या ट्रॅकवरून आले. तिथली स्प्रिंट कार १४०० पौंडांची आणि ताकद ९०० अश्वशक्तीच्या घरात. ती सरळ चालतच नाही, सतत आडवीच चालवायची असते. अशी पोरं आजही गाठीला प्रायोजक नाही म्हणून ट्रकपर्यंत पोचत नाहीत. आमचा राग बायरनवर नाही, या दारावर आहे. आधी पैसा दाखवा, मग हात दाखवा!

पिटरोड

दाराबद्दल बोलताय ते खरं, पण २०१८ चं खापर त्याच्या हातांवर फोडू नका. क्रू चीफ, म्हणजे गाडीची जुळणी ठरवणारा संघप्रमुख, बघा. २०१८ ला ग्रब, मग दोन वर्षं नॉस, आणि २०२१ ला रूडी फ्यूगल. हा फ्यूगल म्हणजे २०१६ च्या सात विजयांच्या वेळचाच ट्रकचा क्रू चीफ. ड्रायव्हर रेडिओवर म्हणतो, ‘आत शिरताना लूज.’ म्हणजे वळणात शेपूट सुटतं. ते किती लूज? वेज (चाकांवरचा भार बदलणारा स्क्रू) अर्धा फेरा द्यायचा की एक, की नुसती टायरमधली हवा बदलायची? हे भाषांतर ज्याला येतं तोच वेग काढतो. २०२१ ला होमस्टेडला, मोसमाच्या तिसऱ्याच शर्यतीत ते जिंकले.

हॅमलिनवाला

हे सगळं ठीक. पण फिनिक्सला शेवटच्या तीन-चार फेऱ्यांत याचाच टायर गेला, पिवळा झेंडा पडला (शर्यत मंदावते, सगळे पिटमध्ये येतात) आणि आघाडीवरच्या हॅमलिनच्या हातचं विजेतेपद गेलं. हॅमलिनने चार टायर बदलले, लार्सन दोनच बदलून आधी बाहेर पडला, संपलं सगळं. टायरमधली हवा कमी ठेवायचा हव्यास तुमचा आणि भोगायचं आम्ही?

पिटरोड

हवा कमी होती हे कुठून काढलंत? टायर बघितल्याशिवाय असं बोलू नये. कमी हवेने गेलेला टायर साइडवॉलला, म्हणजे बाजूच्या भिंतीला, गोल चिरतो, कारण प्रत्येक वळणात ती दुमडते आणि आतले धागे तापून सुटतात. काहीतरी रुतून गेला तर छेद ट्रेडवर, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या भागावर, असतो. ब्रेकच्या उष्णतेने गेला तर रिमला धरून बसणारी टायरची कड (बीड) वितळलेली दिसते, आणि फिनिक्ससारख्या ब्रेक खाणाऱ्या ट्रॅकवर हे नेहमीचं. प्रत्येकाचं कारण वेगळं, दोषीही वेगळा.

मातीवरचा

पण हवा कमी ठेवतातच ना सगळे?

पिटरोड

ठेवतात. टायर तापला की हवा फुगते. सुरुवातीला टायर पुरवणाऱ्या गुडइयरच्या सल्ल्याइतकी भरली तर वीस फेऱ्यांनी जास्त होते आणि पकड जाते. म्हणून कमीने सुरुवात करतात, विशेषतः डाव्या बाजूला. धोका पहिल्या काही फेऱ्यांत, टायर थंड असताना. २०२२ च्या नव्या गाडीने हा धोका वाढवला. पूर्वी १५ इंची पोलादी चाक आणि जाड साइडवॉल. आता १८ इंची ॲल्युमिनियम, साइडवॉल बुटकी, दुमडायला जागाच नाही. वर हवा गेली की गाडीचा तळ जमिनीवर बसतो, चाक फिरूनही गाडी हलत नाही. पूर्वी रखडत पिटपर्यंत यायची.

हॅमलिनवाला

म्हणजे दोष गाडीचा. मग २०२४ च्या मार्टिन्सव्हिलला बायरनला कुणी ओलांडू नये म्हणून त्याच्या मागे शेव्हरोलेच्याच दोन गाड्यांनी शेजारी-शेजारी चालून उभी केलेली भिंत, तोही दोष गाडीचाच? चॅस्टेन आणि डिलनच्या संघांना दंड झाला, बायरन विजेतेपदाच्या अंतिम चौघांत गेला, बेल घरी.

शार्लटकर

ते लाजिरवाणं होतं, झाकत नाही. पण दंड त्याच्या संघाला झाला नाही. आणि ‘नशिबाच्या’ म्हटल्या गेलेल्या त्या डेटोनाचं बघा. २०२५ ला शेवटच्या फेरीत तो नवव्या जागी होता आणि पुढचे आदळले. मोकळी वाट वरच्या बाजूला आहे हे पाहून तो तिथेच राहिला. २०२० च्या टाळेबंदीत सराव बंद होता, तेव्हाच्या आयरेसिंग मालिकेत ब्रिस्टल, रिचमंड आणि डोव्हरच्या शर्यती त्यानेच जिंकल्या. डोळ्याने आधी वाचायची सवय तिथलीच.

मातीवरचा

नवव्यावरून निघाला, हे मानतो. नशीब म्हणणार नाही. पण २०१६ ला फिनिक्सलाच शेवटच्या दहाएक फेऱ्यांत आघाडीवर असताना ट्रकचं इंजिन गेलं आणि विजेतेपदासाठी लढणाऱ्या अंतिम चौघांतली जागा हुकली, ते तुम्ही कुणीच काढलं नाहीत. त्याच्या बाजूने सगळ्यात भक्कम मुद्दा तोच होता. प्रश्न तरीही दाराचाच. त्या जागी पैसा नसलेला मुलगा असता, तर इंजिन गेल्यावर पुढच्या वर्षी त्याला एक्सफिनिटीची गाडी मिळाली असती का, एवढं सांगा.