पारंपरिक धनुष्यासाठी बाण : लाकडी, ॲल्युमिनियम की कार्बन?

सत्तरीकर

नमस्कार. माझ्याकडे एकसंध रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेले, धनुष्य आहे. त्यावर २८ इंचांना ४० पौंड (तेवढे ओढल्यावर येणारा ताण) असे लिहिलेले आहे, परंतु माझा ड्रॉ, म्हणजे दोरी ओढण्याची लांबी, २७ इंचांचाच आहे. साइट (नेमाचे साधन), क्लिकर (पुरते ओढल्याचा आवाज करणारी पट्टी) किंवा रेस्ट (बाणाचा वेगळा आधार) यांपैकी काहीही मी लावलेले नाही आणि बाण थेट शेल्फवरून, म्हणजे मुठीवरच्या कापलेल्या कट्ट्यावरून, सुटतो. आतापर्यंत इतरांचे उसने बाण वापरत आलो. आता स्वतःचा एक डझन घ्यावा असे ठरवले आहे.

सराव वाळपईच्या बाजूला नातेवाइकांच्या काजूच्या बागेत होतो. लक्ष्याच्या मागे मातीचा बांध घातलेला आहे, तरी दोन्ही बाजूंना जांभा उघडा पडला आहे, आणि पावसाळ्यात गवत गुडघ्याच्या वर जाते. दुकानदार कार्बनचा आग्रह धरतात, तर ज्यांच्याकडून मी शिकलो ते ज्येष्ठ म्हणतात की पारंपरिक धनुष्यावर लाकडाखेरीज दुसरे काही चढवू नये. ॲल्युमिनियमचे नाव दोघेही घेत नाहीत. आपल्यापैकी जे गोव्यात शेल्फवरून नेम धरतात, त्यांचा सल्ला हवा आहे.

बाणस्तारीकर

सत्तरीकर बाब, आपल्या प्रश्नाच्या आधी आणखी एक प्रश्न येतो, आणि तो दांड्याच्या कडकपणाचा, म्हणजे स्पाइनचा आहे. दोरी सुटल्यावर बाण काही सरळ पुढे जात नाही. मागून बसलेल्या धक्क्याने तो वाकतो, मुठीला वळसा घालून पुढे निघतो आणि मग डावीकडे-उजवीकडे लवत हळूहळू सरळ होतो. मुठीवरची बाण जाण्याची खिडकी धनुष्याच्या मध्यरेषेपर्यंत कापलेली नसेल तर हा वळसा मोठा होतो, म्हणून जुन्या धाटणीच्या धनुष्यावर चुकीच्या स्पाइनचा बाण, तो कितीही उंची असो, वाकडाच जातो. आपले रिकर्व्ह मध्यापर्यंत कापलेले असेल तर ते थोडा अधिक कडक बाण सहन करील, एवढाच फरक.

गोंधळ होतो तो आकड्यांत. लाकडी दांडा २६ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवून मध्यभागी २ पौंडांचे वजन टांगतात, तो जितके इंच लवेल त्या आकड्याने २६ ला भागतात आणि उत्तर पौंडांत सांगतात. कार्बन आणि ॲल्युमिनियमसाठी मात्र आधारांतील अंतर २८ इंच आणि वजन १.९४ पौंड, म्हणजे ८८० ग्रॅम असते, आणि लवण इंचाच्या हजारांशांत लिहितात. ५०० स्पाइन म्हणजे अर्धा इंच लवणारा दांडा. पुष्कळ जण २६ ला सरळ ०.५ ने भागून ५०० चा कार्बन ५२ पौंडांच्या लाकडाबरोबरीचा समजतात. तसे नाही, कारण आधार दूर गेले की लवण अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढते. कार्बनचा आकडा आधी ०.८२५ ने गुणून घ्यावा आणि मगच भागाकार करावा. या हिशेबाने ५०० चा दांडा ६३ पौंडांचा, ६०० चा साडेबावन्न पौंडांचा आणि ७०० चा ४५ पौंडांचा ठरतो.

रिकर्व्हच्या शेवटच्या एका इंचात साधारण अडीच पौंड वाढतात, तेव्हा २७ इंचांवर आपल्या बोटांवर सदतीस-अडतीस पौंडच येत असणार. लाकूड घेणार असाल तर ३५ ते ४० च्या गटातले पाहा; कार्बन घेणार असाल तर ७०० चा, किंवा ६०० चा न कापता आणि जड टोक लावून. ५०० चे बाण कोणी स्वस्तात देऊ केले तरी घेऊ नयेत. दांडा लांब ठेवला किंवा टोक जड केले की बाण मऊ वागतो, आणि आखूड केला की कडक. पिसे मात्र तिन्ही प्रकारांत खरीच हवीत, कारण शेल्फवरून जाताना ती दबतात, तर प्लॅस्टिकची कृत्रिम पिसे (व्हेन) शेल्फला आपटून बाण उडवतात.

डिचोलीकर

वरील हिशेब मान्य आहे. तो जुळवून झाल्यावर मी आपल्याला ॲल्युमिनियमच घ्यायला सांगेन, आणि त्याचे कारण आपण स्वतःच लिहिले आहे : जांभा.

जांभ्यावर बाण आदळला की लाकूड बहुधा टोकाच्या मागे तुटते आणि कार्बनला बारीक तडा जातो, जो वरून दिसेलच असे नाही. ॲल्युमिनियम वाकते. वाकलेले डोळ्यांना दिसते, काचेवर लोळवले की लगेच कळते, आणि वाक थोडा असेल तर दांडा सरळही करता येतो. नळीला खळगा किंवा घडी पडली असेल तर मात्र तो बाण काढून टाकावा. त्यात कंजुषी नको. सुरुवातीच्या वर्षात बाण दगडावर जाणारच आहेत, तेव्हा ज्याचे नुकसान उघड दिसते असा दांडा माझ्या मते अधिक सुरक्षित.

ॲल्युमिनियमचा आकडा वाचायलाही सोपा आहे. १८१६ म्हणजे बाहेरचा व्यास इंचाच्या ६४ भागांपैकी १८, आणि नळीची जाडी इंचाच्या हजारांपैकी १६. आपल्या ताणाला हाच आकडा योग्य वाटतो. त्याचा दांडा इंचाला सुमारे सव्वानऊ ग्रेन (बाणाच्या वजनाचे लहान एकक) भरतो, म्हणजे साडेअठ्ठावीस इंच लांबीचा बाण १२५ ग्रेनचे टोक, इन्सर्ट (टोक बसवण्याचा नळीतला तुकडा), नॉक (दोरीत अडकणारी मागची खाच) आणि पिसे धरून सव्वाचारशे ग्रेनच्या आसपास जाईल. हे ताणाच्या पौंडामागे ११ ग्रेनहून थोडे अधिक झाले. वेग कमी मिळेल हे खरे, परंतु धनुष्य शांत राहते आणि हाताला हिसका बसत नाही.

ॲल्युमिनियम परंपरेत बसत नाही असे आपले ज्येष्ठ म्हणत असतील, तर त्यांना नम्रपणे सांगावे की डग ईस्टन यांनी हे बाण १९३९ मध्ये करायला घेतले आणि १९४१ मध्ये लॅरी ह्यूज यांनी त्यांवर अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. त्या काळी कप्प्यांचे कंपाउंड धनुष्य जन्मालाही आले नव्हते.

काणकोणकर

डिचोलीकर बाबांचे जांभ्याविषयीचे म्हणणे मला पटते, तरीही लाकडाची बाजू कोणीतरी मांडायला हवी. पहिली गोष्ट नियमांची : जागतिक तिरंदाजी महासंघाच्या लाँगबो (लांब, साध्या धनुष्याच्या) गटात दांडा लाकडीच लागतो आणि पिसे नैसर्गिकच लागतात. आज आपल्याकडे रिकर्व्ह आहे, पण पुढे लाँगबोकडे वळण्याचा विचार असेल तर लाकडाची सवय आधीच झालेली बरी.

लाकडावर जो मुख्य आक्षेप घेतला जातो तो आपल्या हवेचा आहे, आणि तो खोटा नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथली हवा इतकी दमट असते की उघडे लाकूड पाणी ओढते, जड होते आणि भिंतीला तिरके टेकवून ठेवले तर कमानीसारखे वाकते. यावर उपाय आहे, तो फक्त कंटाळवाणा आहे. दांड्याला पॉलियुरेथेन वार्निशचे दोन-तीन पातळ हात द्यावेत, आणि टोक व नॉक बसवण्यासाठी जिथे निमुळते केलेले असते तिथला कापलेला भाग विसरू नये, कारण ओल तिथूनच शिरते. बाण आडवे, सर्वत्र सारखा आधार देऊन ठेवावेत. किंचित वाकलेला दांडा हलक्या उबेवर हाताने सरळ होतो. तडा गेलेला किंवा ज्याचे रेषे तिरके बाहेर पडलेले दिसतात असा दांडा मात्र कधीही दोरीवर चढवू नये. तो सुटताना फुटला तर धनुष्य धरलेल्या हातात घुसतो.

विकतचे लाकडी दांडे घ्यायचे तर पोर्ट ऑर्फर्ड सीडर उत्तम मानतात, पण ते अमेरिकेच्या ओरेगॉन भागातले झाड आहे आणि इथे पोचेपर्यंत किंमत भलतीच वाढते. स्प्रूस किंवा पाइन पुरेसे आहे. डझनभर दांडे स्पाइन आणि वजन दोन्ही तपासून जुळवलेले असावेत, नुसते एका जाडीचे नव्हेत. बांबूचे म्हणाल तर आपल्याकडचा माणगा जवळजवळ भरीव असतो. त्याच्या कांबी चिरून दांडे तासता येतात, पण ते काम धीराचे आहे आणि पहिल्याच डझनाला मी ते सुचवणार नाही. खासगी जमिनीतला बांबू २०१७ च्या दुरुस्तीनंतर भारतीय वन अधिनियमातील झाडाच्या व्याख्येतून वगळला आहे, त्यामुळे आपल्या कुळागरातला (बागायतीतला) तोडताना त्या कायद्याची पूर्वीसारखी अडचण राहिलेली नाही.

मडगावकर

कार्बनला इथे विनाकारण खलनायक केले जात आहे. तो वाकत नाही, पाणी ओढत नाही, आणि दाब सुटताच इतक्या लवकर सरळ होतो की बाणाचे डोलणे दूरवर चालत नाही. पारंपरिक धनुष्यावर त्याचा दोष हलकेपणाचा आहे : पौंडामागे ८ ते १० ग्रेन असा ढोबळ नियम धरला तर आपल्याला ३०० ते ३७५ ग्रेनचा बाण हवा, आणि लक्ष्य-तिरंदाजीसाठी केलेले अगदी बारीक दांडे हलके टोक लावल्यावर त्याच्या खाली जातात. पितळी इन्सर्ट आणि १५० ग्रेनचे टोक लावले की तो प्रश्न संपतो.

एक अट मात्र काटेकोरपणे पाळावी. कार्बनचा बाण कशावरही आदळला की दोन्ही टोके धरून, चेहऱ्यापासून दूर, हलकेच वाकवावा, फिरवून पुन्हा वाकवावा, आणि कुरकुर ऐकू आली किंवा तंतू उठलेला दिसला तर मोडून टाकावा. तुकडे बागेत सोडू नयेत. त्याच गवतावर गुरे चरत असतील तर हे विशेष सांभाळावे.

सत्तरीकर

सर्वांचे मनापासून आभार. बागेत शेजाऱ्यांची गुरे येतात, हे मी आधी लिहायला हवे होते. त्यामुळे कार्बन तूर्त बाजूला ठेवतो. १८१६ चे सहा बाण घेऊन पावसाळा काढावा आणि दिवाळीनंतर स्प्रूसचे सहा करून पाहावेत, असे मनात आहे. बाणस्तारीकर बाब, आकड्यांचा हिशेब जुळला तरी प्रत्यक्षात माझ्या धनुष्याला बाण जुळला की नाही, हे कसे ओळखावे?

बाणस्तारीकर

सहापैकी एका बाणाला पिसे लावू नका. दहा-पंधरा मीटरांवरून आधी पिसांचे तीन आणि मग हा बिनपिसांचा सोडावा, आणि एकदा नव्हे, हात स्थिर असताना अनेकदा सोडावा. आपण उजव्या हाताने ओढत असाल तर बिनपिसांचा बाण गटाच्या उजवीकडे लागणे म्हणजे दांडा मऊ, आणि डावीकडे लागणे म्हणजे कडक. मऊ असेल तर टोक हलके करावे किंवा दांडा पाव-पाव इंच कापत जावे. कडक असेल तर टोक जड करावे. तो वर लागला तर दोरीवरचा नॉकचा बिंदू खाली आहे, खाली लागला तर बिंदू वर आहे. वर-खालीचा दोष आधी काढावा, कारण तो असताना डावे-उजवे नीट वाचता येत नाही.

यात एक फसवी जागा आहे. फारच मऊ बाण मुठीच्या बाजूला आपटून डावीकडे उडतो आणि कडक असल्याचे भासवतो. शंका आल्यास शेल्फच्या बाजूला लावलेल्या कातड्यावर खडूची पूड चोळून एक बाण सोडावा. पूड जोरात पुसली गेली असेल किंवा सुटताना खट्ट असा आवाज येत असेल, तर टोक आणखी जड करण्याऐवजी हलके करून पाहावे. ही चाचणी पेंढ्याच्या किंवा मऊ फोमच्या लक्ष्यावरच करावी, कारण बिनपिसांचा बाण तिरका घुसतो आणि लाकडी असेल तर तिथेच मोडतो. आणि कापायचे असेल तर आधी एकच बाण कापावा, बाकीचे पाच तो जुळल्यावर.