वाफ नुसतं तेल पातळ करते? मग हायड्रोजन सल्फाइड येतो कुठून?

रेतीतेल:
परवा इथे एकाने लिहिलं, "सॅगडीत, म्हणजे जमिनीखाली वाफ सोडून तेल काढायच्या पद्धतीत, वाफ फक्त बिटुमेन (डांबरासारखं घट्ट तेल) पातळ करते. वर येतो तो तेलात आधीच विरघळलेला मिथेन. वाफेमुळे गॅस तयार होतो ही नुसती ओरड." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतातल्या अथाबास्काच्या बिटुमेनमध्ये वजनाने जवळपास ५ टक्के गंधक असतं. वाफ २०० अंशांच्या वर. त्या उष्णतेत तेल, पाणी आणि वाळू वर्षानुवर्षं एकत्र शिजतात, कार्बन-गंधकाचे काही बंध सुटतात, आणि हायड्रोजन सल्फाइड नि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतात. रसायनशास्त्रज्ञ हाइन यांच्या गटाने आल्बर्टातच, १९८०च्या दशकात, याला अ‍ॅक्वाथर्मोलिसिस हे नाव दिलं. विरघळलेला मिथेन असतोच, तो कोण नाकारतंय? पण मिथेनमध्ये गंधक नसतं हो.

वाफकोठी:
ते वाक्य माझंच. आल्बर्टात फोर्ट मॅकमरीजवळ सात वर्षं पॅडवर (विहिरींच्या तळावर) काढलीत, पुस्तक वाचून लिहिलेलं नाही. २०० अंशाला तेलाचं क्रॅकिंग, म्हणजे उष्णतेने मोठे रेणू तुटणं, होत नाही. जो काही गॅस होतो तो वाफेपुढे समुद्रात तांब्याभर. उलट वाफ वाचवायला आता मुद्दाम मिथेन आत सोडतात. तो वर साठतो, पांघरुणासारखा, नि उष्णता वरच्या खडकात वाया जात नाही. गॅसला एवढं बदनाम का करता?

रेतीतेल:
क्रॅकिंग हा शब्द मी वापरलाच नाही, तुम्ही माझ्या तोंडी घालताय. पांघरुणाचं मान्य. पण ते जाड झालं की वाफ तेलापर्यंत पोचत नाही, हेही पॅडवर पाहिलं असेलच. आणि वर आलेला गॅस बॉयलरमध्ये जाळतात ना? त्यातलं गंधक सल्फर डायऑक्साइड होऊन चिमणीतून जातं. दिवसाला १ टनाच्या वर गंधक असेल तर आल्बर्टात ते काढून घेणं बंधनकारक आहे. तांब्याभर गोष्टीसाठी कुणी गंधकाचा प्लांट बांधत नाही.

मेहसाणाकर:
आमच्या गुजरातेतल्या बालोल-संथाल तेलक्षेत्रात हवा सोडून जमिनीखाली तेलच पेटवतात, तिथे गॅस होतो का हा वादच नाही. वाफेवर नंतर आखातात काम केलं. टाकीवर नमुना घ्यायला चढलो, झाकण उघडलं, कुजक्या अंड्याचा वास आला. दोन श्वासांत गेला. मला वाटलं वाऱ्याने उडाला. छातीवरचा गॅस मॉनिटर मात्र थरथरतच होता. हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेला की नाकच बधिर होतं. शिडी कशी उतरलो आठवत नाही.

कॅलगरीचा_दाढीवाला:
मॉनिटरचं ठीक, पण दाढीचं कुणी बोलेल का? दोन दिवसांची खुंटं होती म्हणून एका कंत्राटदाराने मला गेटवरून परत पाठवलं. पगार कापला. उणे ३० मध्ये तीन तास बसची वाट बघितली. मी कंट्रोल रूमचा माणूस, टाकीजवळ जातच नाही!

मेहसाणाकर:
गळती झाली की कंट्रोल रूममधूनच धावत बाहेर पडावं लागतं दादा. मास्कच्या रबराखाली खुंटं आली की फट राहते. माझ्या शिडीवर तुमची दाढी असती तर हे लिहायला तुम्ही उरला नसता.

कॅलगरीचा_दाढीवाला:
जीभ सांभाळून बोला. फट राहते हे मलाही कळतं. आधी सांगितलं असतं तर घरीच दाढी केली असती. पगार का कापायचा? नियमाशी नाही, त्या पद्धतीशी भांडण आहे.

पॅडवरची_ताई:
पगाराचं दादांचं बरोबर आहे. आमच्याकडे गेटवर रेझर ठेवतात, दाढी करा नि आत या. प्रश्न मिटतो.

मेहसाणाकर:
रेझरचं पटलं. शब्द कडक गेला, पण दाढीबद्दल माघार नाही.

वाफकोठी:
माझा मुद्दा दाढीत गेला. असो. गंधकाच्या प्लांटला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या शेजारच्या पॅडवरच उभा आहे. "गॅस तयार होत नाही" हे वाक्य काढलं. "वाफेच्या मानाने थोडा होतो" असं लिहिलंय, आणि ते मी बदलणार नाही.

रेतीतेल:
राहू द्या. फक्त पुढे "पण तेवढाही माणूस मारायला पुरतो" एवढं जोडा.