एकच मोबाईल, ३० मुलं: स्टॉप-मोशन कसं शिकवायचं?

प्रश्न: आमच्या शाळा-केंद्रातल्या शिक्षकांना स्टॉप-मोशन (वस्तू थोडी-थोडी हलवत काढलेले फोटो जोडून केलेली फिल्म) शिकवायचंय, म्हणजे ते वर्गात मुलांना शिकवतील. सरावात चित्र लुकलुकतं, हलतं. काय चुकतंय?

उत्तर १: मोबाईल हातात नकोच. पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर आडवा ठेवा, कॅमेरा मधल्या फटीतून खाली. लुकलुक ऑटो-एक्सपोजरची (फोन स्वतःच चित्राचा उजळपणा कमी-जास्त करतो), पडद्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये ते लॉक होतं. खिडकीचा उजेड ढगांमुळे बदलतो, म्हणून ती झाकून एकच दिवा लावा.

उत्तर २: सेकंदाला ८ फोटो पुरे, म्हणजे १० सेकंदांना ८०. पाच-पाचचे गट करा. एक गट फोटो काढेल, बाकीचे कथाफलक (गोष्टीची क्रमवार चित्रं) काढतील आणि कार्डशीटची पात्रं कापतील.

उत्तर ३: सर, तयार नमुना दाखवू नका, सगळे तोच गिरवतात! ‘बी रुजतं’ एवढंच सांगा. पुढचं मुलं ठरवतील.