तिलारीचे हत्ती पकडून हलवावेत का?

माड-पोफळी:
2002 मध्ये हत्ती कर्नाटकातल्या दांडेलीच्या बाजूने आमच्या तिलारी भागात, म्हणजे सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात उतरले. अजून किती वर्षं बागायतदाराने कळ सोसायची? हत्ती माड आडवा करतो, पायाखाली दाबून धरतो आणि शेंड्याचा कोवळा गाभा ओढून काढतो. गाभा गेला की माड मेलाच. नवा लावून धरता होईपर्यंत सहा-सात वर्षं जातात. केळीचाही खांब फाडून आतला गाभा खातो. माझं मत स्पष्ट आहे: पकडा आणि न्या.

सह्यवाट:
दुःख खरं, उपाय चुकीचा. आशियाई हत्तींचा कळप म्हणजे आजी, लेकी आणि पिल्लं. नर दहा-पंधरा वर्षांचा झाला की कळप सोडतो, नवा मुलूख शोधतो, आणि पिकांत बहुतेक असे नरच घुसतात. त्याला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. एक नर उचलला की मोकळी जागा दुसरा धरतो. कर्नाटकात हसनच्या आलूर-सकलेशपूर भागात 2014-15 मध्ये वीसहून जास्त हत्ती पकडले, तरी नवे येत राहिले. श्रीलंकेत 12 नरांना माग काढणारी कॉलर (गळपट्टा) लावून अभयारण्यांत सोडलं: काही परत आले, काही भटकत राहिले, काही नव्या जागेजवळ स्थिरावून तिथल्या गावांना त्रास देऊ लागले.

माड-पोफळी:
मग जंगलात सोडू नका, पाळीव हत्तींच्या कॅम्पात ठेवा. 2015 मध्ये सिंधुदुर्गातल्याच माणगाव खोऱ्यातले तीन पकडलेच होते ना?

सह्यवाट:
पकडले, पण त्यांतले दोन कॅम्पात जगले नाहीत. मोकळ्या नराला साखळीवर आणणं ही त्याला शिक्षाच आहे.

रानवेल:
कुंपणाबद्दल कोणीच नीट बोललं नाही. सौरकुंपण, म्हणजे सौर विजेवर झटका देणारं तारेचं कुंपण, निकामी होतं ते बहुधा गवतामुळे. गवत तारेला टेकलं की वीज जमिनीत उतरते. कोकणच्या पावसात आठवड्याला साफसफाई हवीच. तार रोज मीटरने तपासा, 5000 व्होल्टच्या खाली गेली तर हत्ती जुमानत नाही. सुळ्यातून वीज वाहत नाही हे नर पटकन शिकतो आणि सुळ्यानेच तार तोडतो, नाहीतर झाड ढकलून तारेवर पाडतो. म्हणून लटकतं कुंपण बरं: वरच्या तारेवरून खाली सोडलेल्या तारा आणि सोंड पोचणार नाही इतके लांब खांब. आफ्रिकेत मधमाश्यांच्या पेट्यांचं कुंपण चालतं, पण आपली सातेरी मधमाशी तिथल्या माशीइतकी आक्रमक नाही. आणि कानशिलाजवळून स्राव, मागच्या पायांवर लघवीची धार दिसली तर नर माजावर आहे, म्हणजे फार आक्रमक झालेला. तेव्हा फटाके अजिबात नकोत.

माड-पोफळी:
रानवेल, हे पटलं. पण एकाच बागेला कुंपण घातलं तर हत्ती शेजारच्या बागेत जाणार. घालायचं तर अख्ख्या वाडीला घाला. आणि दर आठवड्याला गवत काढणाऱ्याची मजुरी कोण देणार? हे लेखी ठरेपर्यंत माझी मागणी तीच राहील.