छत्रीचं कापड गळलं, आता पालासाठी कोणतं घ्यावं?

वावरातला_भटक्या
मंडळी, आमचं गाव अचलपूर तालुक्यात. पोळा झाला की आम्ही तिघं चुलतभाऊ सायकली घेऊन परतवाड्याहून घाट चढतो आणि चिखलदऱ्याजवळ मामाच्या वावरात दोन रात्री काढतो. तंबू नाही. दोन झाडांना दोर बांधून वर पाल टाकतो, झालं.

यंदा पाल घरीच शिवला. दुकानदारानं छत्रीचं कापड दाखवलं, "एकदम वॉटरप्रूफ" म्हणाला. आईच्या पायाच्या मशीनवर दोन पट्टे जोडले. रात्री दोनच्या सुमारास मधल्या शिवणीपाशी पाणी साचून पोटासारखा फुगवटा आला, काठीनं ढकललं तर थेट पोह्यांच्या पिशवीवर धार. बाकी कापडातूनही बारीक तुषार येतच होते.

आता नवं शिवायचं आहे, साधारण 3 बाय 4 मीटर. बाजारात बॅगेचं कापड आहे, कॅनव्हास आहे, घरी गंजीवरची ताडपत्री आहे. इलेक्शनचं जुनं फ्लेक्सही पडलं आहे. सायकलवर वाहायचं आहे हे ध्यानात घ्या.

गंजीवाला
भाऊ, कायले एवढा घोर लावून घेता? सोयाबीनच्या गंजीवर टाकतो तेच न्या ना. चार पावसाळे झाले, दाणा भिजला नाई आमचा.

वावरातला_भटक्या
दादा, आमची 200 जीएसएमची आहे, म्हणजे चौरस मीटरला 200 ग्रॅम. 12 चौरस मीटर म्हणजे 2 किलो 400 ग्रॅम. वर घडी घातली की उशीएवढा गठ्ठा होते अन् रात्रभर वाऱ्यानं फडफड. फ्लेक्स तर त्याहून जड.

मशीनवाला_काका
मी तीसेक वर्षं ट्रॉलीच्या ताडपत्र्या, बॅगा, मंडपाचे पडदे शिवले. सांगतो.

"वॉटरप्रूफ" हा शब्द विसरा. कापड ओठांना घट्ट लावून फुंका. हवा पार गेली तर त्याला लेप नाही, किंवा नावालाच आहे. छत्री तुम्ही तिरपी धरता, पाणी घसरून जाते. पाल ढिला पडला की पाणी बसून राहते, तिथं छत्रीचं कापड टिकत नाही.

पॉलिएस्टर टॅफेटा (घट्ट साध्या विणीचं पातळ कापड) 210टी, म्हणजे इंचात उभे-आडवे मिळून 210 धागे, पीयू म्हणजे पॉलियुरेथेन लेपाचं घ्या. 70 जीएसएमच्या आसपासचं पाहा, अख्खा पाल किलोच्या आत बसतो. लेपाची बाजू बोटाला जराशी रबरासारखी लागते. ती आत ठेवा, उन्हानं आणि घासण्यानं लेप लवकर जातो.

कॅनव्हास मी आवडीनं शिवला. सूत भिजलं की फुगते आणि भोकं आपोआप बुजतात, म्हणून नवा कॅनव्हास एकदा भिजवून वाळवायचा. शेकोटीची ठिणगीही सोसतो. पण 400 जीएसएमचा पाल म्हणजे पावणेपाच किलो. बैलबंडी असती तर हाच घ्या म्हटलं असतं.

आता तुमची खरी चूक. 58 इंची पन्ह्याचे दोन पट्टे जोडले, पण शिवण आडवी गेली ना? शिवण बरोबर दोराच्या माथ्यावर यायला पाहिजे, म्हणजे पाणी दोन्हीकडं उतरते. शिवण दुमडपट्टीची, कडा एकमेकींत अडकवून, दोन टिपा. दोरा पॉलिएस्टरचा, सुती सडते. सुई 14 नंबरची, नवी. टाचण्या लावू नका, प्रत्येक टाचणी म्हणजे एक भोक. कपडे वाळवायचे चिमटे लावा. शेवटी शिवणीवर आतून पीयूचं सीलर, सुईची भोकं बुजवायला. कोपऱ्यांना दुहेरी तुकडा ठेवूनच डोळे (दोर ओवायच्या धातूच्या कड्या) ठोका.

घाटवाटेवरून
काकांच्या शिवणीला हात जोडून, थोडा मतभेद. मी सिलिकॉन नायलॉन, म्हणजे सिलिकॉनचा लेप दिलेलं नायलॉन वापरतो. तेवढाच पाल साधारण अर्ध्या किलोत होतो, दाबला की घडी लहान होते. पीयू वर्षानुवर्षं दमट राहिला तर चिकट होऊन सुटतो, कुबट वास मारतो. सिलिकॉनला तो रोग नाही.

मशीनवाला_काका
खरं आहे. पण नायलॉन ओलं झालं की ताणते. रात्री उठून दोर आवळावे लागतात, पॉलिएस्टरला ते नाही. आणि सिलिकॉनवर पीयूचं सीलर धरत नाही, त्याला पारदर्शक सिलिकॉनच टर्पेंटाइनमध्ये पातळ करून लावायचं. कापड शिवताना घसरते, पायाच्या मशीनवर नवख्या हाताला रडू येईल. पहिला पाल पॉलिएस्टरचाच करा. वाळवल्याशिवाय घडी नको. धान्याच्या खोलीत तर मुळीच नको, उंदीर लेपासकट खातात.

वावरातला_भटक्या
काका, फुंकून पाहिलं. छत्रीचं कापड सरळ फेल. मग एक उद्योग केला. कापडावर 1500 मिलिमीटर, 3000 मिलिमीटर लिहिलेलं असते ते म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब. आपल्याकडं पीव्हीसी पाइप काही कमी नाहीत. दीड मीटरचा तुकडा उभा केला, खालच्या तोंडाला कापड ट्यूबच्या पट्टीनं आवळलं, वरून पाणी भरलं.

छत्रीचं कापड हातभर पाण्यालाच ठिबकायला लागलं. गंजीवरची ताडपत्री सपाट भागात कोरडी, पण जुन्या घडीच्या रेघेवर थेंब. बॅगेच्या कापडाचा नमुना दुकानातून आणला होता, तो संध्याकाळपासून सकाळपर्यंत जसाच्या तसा. पण तो जाड आहे, तेवढ्या वजनाचा पाल नको.

घाटवाटेवरून
हे झकास केलंत. वरच्या पालाला 1500 पुरे. खाली अंथरायचं असेल तर जास्त पाहा, गुडघा टेकला की दाब पावसापेक्षा कितीतरी वाढतो.

गंजीवाला
आमच्या ताडपत्रीची इज्जत घालवली भाऊ तुमी. घडीवर गळते हे मात्र खरं हाय, आजच पाह्यलं.

वावरातला_भटक्या
210टी पीयू, साडेआठ मीटर आणतो आहे. एक वीत आधी पाइपला लावणार, मगच बाकीचं कापणार. आई म्हणते शिवून देईन, पण 14 नंबरच्या सुया आधी आणून ठेव, नाहीतर माझ्या मशीनला हात लावू नको.