कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघायची तपासणी, न करताच अँटिबायोटिक बदलत राहायची, हे बंद व्हायला पाहिजे की नाही?

आर्वीचा_पोरगा:
आमच्या काकूला लघवीला जळजळ व्हायची, ताप वगैरे नव्हता. गावातल्या डॉक्टरनं सिप्रो दिली, जरा बरं वाटलं अन् पुन्हा तेच, मग सेफिक्सिम, मग इंजेक्शन, तपासणी एकदाही नाही. शेवटी सेवाग्रामला नेलं, तिथं लघवीचं कल्चर लावलं, ई. कोलाय नावाचा जंतू निघाला, सिप्रो अन् सेफिक्सिम दोन्हीपुढे 'आर', म्हणजे जंतू त्या औषधाला दादच देत नाही, अन् जुनीपुराणी नायट्रोफ्युरँटॉइन 'एस', म्हणजे ती लागू पडते. तिनंच बऱ्या झाल्या. माझं स्पष्ट मत आहे, नमुना घेतल्याशिवाय अँटिबायोटिकची पहिली गोळीसुद्धा कोणी देऊ नये. पटत नसेल तर कारण सांगा.

वऱ्हाडी_कास्तकार:
नाई पटत भाऊ. तुमाले सेवाग्राम जवळ हाय, आमच्या मेळघाटातून अमरावती किती दूर पडते ते पाहा. रिपोर्टले दोन-तीन दिवस लागते, म्हणजे एक चक्कर नमुन्याची, एक रिपोर्टची, संग एक माणूस, अन् सोयाबीन काढणीत मजुरी बुडते ते वेगळंच. तोवर बाई कण्हत बसन काय?

लॅबवाली_यवतमाळ:
दादा, कल्चर म्हणजे औषध थांबवा असं कोणी सांगितलं? आधी नमुना घ्यायचा, लगेच औषध सुरू, रिपोर्ट आला की गरज असेल तर बदलायचं. उलट केलं की नमुन्यातले जंतू गोळीनं अर्धमेले झालेले असतात अन् प्लेटवर काही उगवतच नाही. लघवी घरून डबीत आणतात, मे महिन्याच्या उन्हात एसटीत दोन-दोन तास, त्यात भलतेच जंतू वाढलेले, तो रिपोर्ट काय कामाचा? नमुना नीट आला तर जंतू पसरलेल्या प्लेटवर आम्ही औषधांच्या इवल्याशा चकत्या ठेवतो, औषध चालत असेल तर चकतीभोवती जंतू उगवत नाहीत, दुसऱ्या दिवशी तिथं जो स्वच्छ गोल पडतो त्याचा व्यास मोजतो. सिप्रोच्या चकतीला पार चिकटून जंतू उगवलेले दिसले की वाटतं, या माणसाला इतके दिवस तीच गोळी कशासाठी खाऊ घातली?

सिस्टर_गडचिरोली:
'पहिली गोळीसुद्धा नको' याला माझा ठाम विरोध. आमच्या जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि राणीताईंच्या 'सर्च' या संस्थेनं गावातल्याच बायांना शिकवलं, बाळ दूध ओढत नाही, रडणं मंदावलं, अंग गार पडलं, अशा खुणा दिसल्या की घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं. बाळाची बाकी काळजीही होतीच, पण नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले, 1999 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तिथं कुठलं कल्चर होतं? अन् स्क्रब टायफस हा बारीक किडा चावून होणारा ताप घ्या, 2018 ला विदर्भात पसरला होता, त्याचा जंतू नेहमीच्या कल्चरमध्ये उगवतच नाही. संशय आला की डॉक्सीसायक्लिन सुरू करावी लागते, वाट पाहत बसलं तर पेशंट हातचा जातो.

आर्वीचा_पोरगा:
ताई, नवजात बाळ, अत्यवस्थ पेशंट, तिथं एक मिनिट थांबू नये, यावर वाद नाही. पण त्या बायांना खुणा ठरवून दिल्या होत्या, औषध ठरलेलं, डोस ठरलेला. आमच्याकडे साध्या सर्दी-खोकल्याला अझिथ्रो देतात, जो बहुतेक वेळा व्हायरसचा असतो, त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. दोन्ही एकाच मापानं कसे मोजता? अन् मेडिकलवाले तर चिठ्ठी पण मागत नाहीत.

मेडिकल_दारव्हा:
मेडिकलवाल्यावर ढकलणं सोपं आहे राजेहो. शेड्यूल एच1, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या काही औषधांची सरकारी यादी, 2014 पासून लागू आहे, त्यातल्या औषधांची वहीत नोंद असते, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, आम्ही ठेवतो. पण पूर्ण कोर्सची चिठ्ठी घेऊन माणूस काउंटरवर येते अन् म्हणते तीनच गोळ्या द्या, आराम पडला तर बाकीच्या कायले? समजावलं तर शेजारच्या दुकानात जाते.

लॅबवाली_यवतमाळ:
टीबीची थुंकी आरोग्य केंद्रातून तपासायला जातेच ना? औषध लागू पडेल का, ही तपासणीसुद्धा टीबीत सरकार फुकट करते. लघवी थंड ठेवली तर 24 तास टिकते. लसीच्या नाही, पण तशाच वेगळ्या आइसबॉक्समधून डबी जिल्ह्याला आली तर पेशंटला यायची गरजच नाही.

वऱ्हाडी_कास्तकार:
ताई, टीबीच्या डबीले प्रोग्राम हाय, त्याले पैसा हाय. लघवीच्या डबीचं भाडं कोण देईन, अन् रिपोर्ट आल्यावर वाचाले आमच्या केंद्रात डॉक्टर तरी पाह्यजे ना, अर्धं वर्ष जागा रिकामीच राहते. ते आधी करा, मंग पहिल्या गोळीवर नियम लावा.